रेझर आला का?

सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो, सातारा जिल्हा सुरू होतो आणि लगेच लागतं शिरवळ. हायवेच्या दोन्ही बाजूंना कारखाने, शिफ्ट सुटली की टपऱ्यांवर गर्दी. त्या गर्दीत आमचं चौघांचं एक टोळकं असतं. एक टर्नर, एक निवृत्त गुरुजी, एक पशुवैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी आणि मी. गेले दोन महिने आमच्यात भेटल्यावर राम राम व्हायच्या आधी एकच प्रश्न विचारला जातो.

"काय रे, आला का?"

"नाही गुरुजी. अजून मशीनवरच आहे म्हणे."

वाट पाहतोय ती एका रेझरची. पितळेचा, छोट्या वर्कशॉपमध्ये कातलेला, एका वेळी थोडेच नग निघतात असा सेफ्टी रेझर. मागवला टर्नरने आहे, पण आतुर चौघंही आहोत, कारण पहिल्या आठवड्यात तो चौघांच्या गालांवरून फिरणार हे ठरलेलं आहे. (ब्लेड प्रत्येकाचं वेगळं, हे सांगायला नकोच.) एका दाढीच्या यंत्रासाठी एवढं काय, असं घरचे विचारतात. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून या दोन महिन्यांत जे जे वाचलं, ऐकलं, हाताळलं, ते सगळं इथे एकदम मांडतो.

आधी पाणी, मग पातं

मराठी माणसाला ओल्या दाढीचं महत्त्व कोणी शिकवायला नको. कुणाची खरडपट्टी काढली की आपण म्हणतो, बिनपाण्याने हजामत केली. पाणी न लावता वस्तरा फिरला तर काय होतं, हे ज्याने सोसलं असेल त्यानेच हा वाक्प्रचार घडवला असणार.

यामागचं विज्ञान सरळ आहे. केस म्हणजे केराटिन. कोरडा असताना तो ताठ आणि चिवट असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. साबणाचा फेस ते पाणी केसाला धरून ठेवतो आणि पात्याला घसरायला वाट देतो. म्हणून जाणकार आधी तोंड धुतात, मग ब्रशने फेस काढतात आणि पातं सगळ्यात शेवटी उचलतात. घाईच्या सकाळी आपण नेमकं उलटं करतो.

एकाच धोकटीतले शब्द

दाढीच्या शब्दांचा प्रवास पाहिला तर मला रेझरइतकीच मजा येते. 'श्मश्रू' म्हणजे संस्कृतात दाढी-मिशा. मराठीत तोच शब्द दाढी काढण्याला चिकटला. 'वस्तरा' आला फारसी 'उस्तुरा'मधून. 'नापित' शब्द प्राकृतातून घसरत घसरत 'न्हावी' झाला. आणि सगळ्यांत भारी 'हजामत'. अरबीत 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं. हे काम करणारा तो हज्जाम. त्याच्याच हातात वस्तराही असायचा, म्हणून नाव एका कामावरून दुसऱ्यावर गेलं. म्हणजे "हजामत करून येतो" म्हणताना आपण मूळ अर्थाने "रक्त काढून येतो" असंच म्हणत असतो. कापून घेतलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

रंधा पाहून सुचलेला रेझर

पॅरिसमधला सुऱ्या-कात्र्या बनवणारा जाँ-जाक पेरे याने १७७०च्या सुमारास वस्तऱ्याला लाकडी कवच बसवलं. कल्पना सुताराच्या रंध्यावरून घेतली. रंध्याचं पातं जसं लाकडात हवं तेवढंच शिरतं, तसं वस्तऱ्याचं पातं कातडीत नको तेवढं शिरू नये. त्याने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर चक्क पुस्तक लिहिलं.

१८४७ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हेन्सनने पात्याला दांडा आडवा जोडला, आपल्या खुरप्यासारखा. आज आपण जो टी आकाराचा रेझर धरतो त्याचा वंश इथून सुरू होतो. या हेन्सनचा दुसरा उद्योग ऐका: वाफेवर उडणाऱ्या विमानाचा आराखडा. विमान उडालं नाही, खुरपं मात्र जगभर गेलं.

पुढे १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कांफे बंधूंनी 'स्टार' नावाचा रेझर काढला. 'सेफ्टी रेझर' हे शब्द त्यांच्याच पेटंटमध्ये पहिल्यांदा आले. पण त्यातलं पातं जाड होतं आणि त्याला वरचेवर धार लावावी लागायची.

५१ रेझर, १६८ पाती

किंग कँप जिलेट. 'किंग' हे त्याचं पाळण्यातलं नाव. बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीत फिरता विक्रेता होता. कंपनीचा मालक विल्यम पेंटर याने त्याला सांगितलं होतं की लोक एकदा वापरून टाकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील अशी वस्तू शोध. १८९५ मध्ये दाढी करताना वस्तऱ्याची धार बोथट लागली आणि त्याला वाटलं, फक्त धार लागते ना, मग पाठीला एवढं पोलाद कशाला?

कागदासारखं पातळ पोलाद कडक करून त्याला धार देता येत नाही, असं जाणकारांचं मत होतं. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवून दाखवलं. कंपनी १९०१ मध्ये उभी राहिली आणि १९०३ मध्ये विक्री सुरू झाली. पहिल्या वर्षात गेले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. दुसऱ्या वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ला पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले आणि घरी परतलेल्या सैनिकांनी ती सवय सोबत नेली.

जिलेटचा फोटो ब्लेडच्या वेष्टनावर छापला जायचा, त्यामुळे त्याचा मिशीवाला चेहरा कोट्यवधी लोकांच्या न्हाणीघरात पोचला. हा माणूस स्वप्नाळू समाजवादीही होता. १८९४ मध्ये त्याने एक पुस्तक लिहून अमेरिकेची जवळपास सगळी वस्ती एकाच महानगरात राहावी आणि नायगारा धबधब्याच्या विजेवर ते शहर चालावं, अशी योजना मांडली होती.

तिकडे पहिलं वर्ष, इकडे दोन वर्षं

५१चा आकडा वाचला तेव्हा मला एकदम सांगली जिल्हा आठवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तोच नांगर घरोघर गेला. साताऱ्यात १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनीही नांगरांपासूनच सुरुवात केली, तिथून पुढे इंजिनं आली. पोलादाला आकार देण्याचा नाद सातारा-सांगलीला आजचा नाही. जमिनीत जाणारं पातं असो की गालावर फिरणारं, ते किती कोनात आणि किती खोल बसवायचं हाच खरा प्रश्न असतो.

बाबासाहेबांचा सातारा

आता एक गोष्ट जी मला या विषयात सगळ्यांत महत्त्वाची वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्यातल्या लहानपणाबद्दल लिहिलं आहे. गावात न्हाव्यांची वाण नव्हती, घरात पैसेही होते. तरी त्यांच्या घरातल्यांचे केस कापायला एकही न्हावी तयार नसे, कारण ते अस्पृश्य मानले जात. ते काम त्यांच्या मोठ्या बहिणीने शिकून घेतलं आणि सगळ्यांचे केस तीच कापत असे.

स्वतःच्या हातातला रेझर ही नुसती चैनीची गोष्ट नाही, हे मला या परिच्छेदाने शिकवलं. ज्याला कुणी दारात उभं करत नव्हतं त्याला आरशासमोर एकट्याने, कुणाच्या मेहरबानीशिवाय, नीटनेटकं होता येणं ही मोठी गोष्ट होती. सेफ्टी रेझरने ते काम इतकं सोपं केलं की त्यासाठी वस्तरा चालवायची वर्षानुवर्षांची तालीम लागत नाही.

नायगाव आणि थांबलेले वस्तरे

शिरवळजवळ, आमच्याच खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले तिथे जन्मल्या. विधवांच्या केशवपनाविरुद्ध जो लढा सावित्रीबाईंच्या साथीदार सत्यशोधकांनी उभा केला, त्यात १८९० मध्ये एक विलक्षण घटना घडली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा नाही असं ठरवलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नेते, आणि तेही त्याच वर्षी.

हत्यार ज्याच्या हातात असतं त्यानेच ते खाली ठेवलं तर रूढीची ताकद किती कमी होते! दाढीच्या इतिहासात पाती, पेटंट आणि कंपन्या पुष्कळ येतात. मला विचाराल तर या सभेचा मान त्या सगळ्यांच्या वर आहे.

जिवा, सेना आणि नीरा

"होता जिवा म्हणून वाचला शिवा." १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांवरचा सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला न्हावी समाजातला. महाराजांसारखा वेश करून पन्हाळ्याच्या वेढ्यात शत्रूच्या हाती गेलेला शिवा काशीद हाही त्याच समाजातला. बारा बलुत्यांतला हा समाज वर्षाच्या धान्यावर अख्ख्या गावाची दाढी करायचा आणि वेळ आली तेव्हा असा उभा राहिला.

संत सेना न्हावी यांची कथा तर प्रत्येक वारकऱ्याला माहीत आहे. सेना पूजेत रमले, राजाकडे जायचं राहिलं, तेव्हा विठ्ठलच त्यांचं रूप घेऊन, धोकटी काखोटीला मारून राजाची दाढी करायला गेला.

आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी नीरा नदी ओलांडून साताऱ्यात शिरते. पादुकांना नीरास्नान होतं आणि पालखी लोणंदला विसावते. वाटेवर नाभिक मंडळी रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांची दाढी फुकट करून देतात. एकदा तरी उभं राहून पाहावं असं ते दृश्य आहे. पावसाचे थेंब पडताहेत, समोर तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया चालल्या आहेत आणि ओळीने फेसाळलेले गाल.

श्रावण: रेझरची खरी परीक्षा

नवा रेझर कधी आला पाहिजे, यावर आमच्या टोळक्यात एकमत आहे: श्रावण संपायच्या आत. आपल्याकडे कितीतरी जण श्रावणभर दाढी करत नाहीत. पुरुषाची दाढी दिवसाला साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर वाढते. म्हणजे महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास. अमावस्या सरली आणि गणपती चार दिवसांवर आले की सलूनसमोर रांगा लागतात. घरी करणाऱ्यांची तेव्हा खरी कसोटी. तीन-चार पाती असलेलं कार्ट्रिज अशा दाढीत दोन ओढीत तुंबतं. सेफ्टी रेझरच्या बाजू मोकळ्या असतात. पाण्यात बुडवून हलवला की साफ. त्यातही ज्याच्या खालच्या पट्टीला कंगव्यासारखे दात असतात, तो 'ओपन कोम' रेझर लांब केसांना वाट करून देतो.

तरी सांगतो, आधी कात्रीने छाटून घ्या. चांगल्या हत्याराचे हाल करू नयेत.

०.०३३ मिलिमीटर

आता टर्नरचा आवडता भाग. त्याने हा मला टपरीच्या बाकावर खडूने काढून समजावला.

सेफ्टी रेझरचे तीन भाग असतात. वरची टोपी, खालची प्लेट आणि दांडा. मध्ये पातं. टोपी आणि प्लेट पात्याला किंचित वाकवून घट्ट धरतात. बाकी सगळा खेळ दोन मापांचा. पातं आणि खालची पट्टी यांच्यात फट किती, ही झाली 'ब्लेड गॅप'. आणि टोपी व पट्टी यांना जोडणाऱ्या रेषेच्या बाहेर पात्याची धार किती डोकावते, ते 'एक्स्पोजर'. डोकावणं वाढलं की रेझर आक्रमक, कमी झालं की सौम्य. हेन्सनच्याच नावाची एक कंपनी आज कॅनडात आहे. ती विमानांचे भाग बनवणाऱ्या यंत्रज्ञांनी काढली. त्यांच्या सौम्य रेझरमध्ये धार फक्त ०.०३३ मिलिमीटर बाहेर येते. डोक्याच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम निम्मी!

"आपल्याकडे गवंडी-सुतार सुतात बोलतात," टर्नर म्हणाला. "एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या एका सुतात असले ९६ एक्स्पोजर बसतील."

मी घरी येऊन हिशेब केला. ३.१७५ भागिले ०.०३३. आलं ९६ आणि वर थोडं.

म्हणून हे रेझर ओतीव न करता कातीव करतात. स्वस्त रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, साच्यात ओतलेले आणि वरून मुलामा दिलेले. मुलामा उडाला की आतला धातू खराब व्हायला लागतो. आणि ओतीव नगात दोन बाजूंना पातं सारखंच डोकावेल याची खात्री कमी. कातीव रेझर धातूच्या अखंड कांबीतून सीएनसी मशीनवर निघतो. वेळ लागतो, कडेला उरलेली बर काढावी लागते, पॉलिश हाताने होतं. वाट पाहावी लागते ती यामुळे.

पितळ की टायटॅनियम?

समजा पितळेचा रेझर ८० ग्रॅमचा आहे. तोच, त्याच मापाचा, स्टेनलेसमध्ये केला तर साधारण ७५ ग्रॅम, टायटॅनियममध्ये ४१ आणि अॅल्युमिनियममध्ये अवघा २५ ग्रॅम भरेल. हा फक्त घनतेचा हिशेब. हातात घेतल्यावर मात्र चारही वेगळे प्राणी वाटतात. जड रेझर स्वतःच्या वजनाने कापतो, हाताने दाबायचं नाही. हलका रेझर बोटांना जास्त ऐकतो.

माझं मत पितळेच्या बाजूने. घरातल्या तांब्या-समईसारखं ते हळूहळू काळवंडतं आणि चिंचेने घासलं की पुन्हा हसतं. गुरुजींना स्टेनलेस हवं. वाद मिटलेला नाही.

तीनशे डॉलरच्या तोंडी काही रुपयांचं पातं

ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मला फार आनंद झाला होता. परदेशातल्या एखाद्या वर्कशॉपचा टायटॅनियम रेझर दोनशे-तीनशे डॉलरला जातो. त्यात बसतं काय? तेच दुधारी ब्लेड, जे आपल्या किराणा दुकानात काचेच्या बरणीशेजारी टांगलेलं असतं. पात्याची लांबी, रुंदी, मधली खाच आणि सुमारे ०.१ मिलिमीटर जाडी जगभर सारखी. जिलेटच्या सुरुवातीच्या पात्यांना तीन भोकं होती. हेन्री गेझमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याने खाचेचं पातं काढलं, दोघांत पेटंटवरून जुंपली आणि शेवटी १९३० मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. मधली ती लांब खाच त्या भांडणातून आली आणि कायमची टिकली. आजोबांच्या रेझरमध्ये आजचं पातं बसतं आणि उद्या येणाऱ्या रेझरमध्येही तेच बसेल. एवढ्या वर्षांत न बदललेला चार्जर कुणी दाखवावा!

ब्लेडच्या बाबतीत आपण मागे नाही. कलकत्त्याच्या हरबन्सलाल मल्होत्रांच्या कारखान्यातलं 'टोपाझ' आणि ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं 'सुपरमॅक्स' ही नावं मागच्या पिढीला पाठ होती. ठाण्याची पाती परदेशातही जात.

आणि दाढीनंतरचा दरवळ? ओल्ड स्पाइस अमेरिकेतलं, १९३८चं. आपल्याकडे ते अनेक वर्षं गोव्यात, मेनेझेस कॉस्मेटिक्समध्ये बनायचं.

केसाने पोलाद तुटतं

केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. मग पातं बोथट का होतं? अमेरिकेच्या एमआयटीमधल्या संशोधकांनी याचा शोध घेतला आणि ऑगस्ट २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये उत्तर छापलं. त्यांच्यातला एक जण स्वतःची दाढी करायचा आणि पातं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. धार झिजून गोल होत असेल अशी अपेक्षा होती. दिसलं वेगळंच: धारेचे बारीक टवके उडालेले. केस पात्याखाली वाकतो, तिरका दाब येतो आणि धारेपाशी जिथे पोलादाची आतली रचना एकसारखी नसते, नेमका तिथला कण निसटतो.

यातून घरी करायची गोष्ट एकच: केस नीट भिजवा, म्हणजे तो पात्याशी झुंजणार नाही.

वाढदिवसाचा रेझर

१९५०च्या दशकापासूनच्या अमेरिकी जिलेट रेझरच्या डोक्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असायचा. अक्षर म्हणजे वर्ष, आकडा म्हणजे तिमाही. शौकीन लोक आपल्या जन्माच्या तिमाहीतला रेझर शोधत जुन्या बाजारात फिरतात. गुरुजी १९५८चे. त्याच सालापासून जिलेटने एक गुबगुबीत रेझर विकायला सुरुवात केली, त्याच्या मानेवरची चकती फिरवून १ ते ९ अशी आक्रमकता निवडता येते. लोक त्याला 'फॅटबॉय' म्हणतात. गुरुजी त्याच्या शोधात आहेत. पुण्यात एखाद्या रविवारी जुन्या बाजारात धोतर-टोपीतले गृहस्थ भिंग लावून रेझरवरचं अक्षर वाचताना दिसले तर ते आमचेच.

कर्वे? नव्हे!

कॅनडातल्या एका रेझर कंपनीचं नाव रोमन लिपीत वाचलं की मराठी डोळ्याला सरळ 'कर्वे' दिसतं. विद्यार्थ्याला वाटलं, कुणी कर्वे तिकडे जाऊन रेझर कातायला लागला. तसं नाही. त्यांच्या रेझरसोबत खालच्या प्लेटा अक्षरांच्या क्रमाने निवडता येतात, सौम्य ते तिखट. मिसळीचा रस्सा सांगावा तसं.

उलटी गंमत आपल्याकडे आहे. 'बॉम्बे शेव्हिंग कंपनी'चा कारभार दिल्ली-गुडगावकडचा. २०१६ मध्ये बाजारात उतरताना त्यांच्या पेटीत मुख्य वस्तू होती ती एकपाती सेफ्टी रेझरच.

तुरटी विसरू नका

दाढी झाल्यावर ओल्या गालावरून तुरटीचा खडा. पोटॅशियम आणि अॅल्युमिनियम यांचं सल्फेट, त्यात बारा रेणू पाण्याचे. बारीक चिरा आवळल्या जातात, रक्त थांबतं. आणि तुरटी खरं बोलते. जिथे चुरचुरलं तिथे तुम्ही जास्त दाबलंत. दुसऱ्या दिवशी हात आपोआप हलका होतो. परदेशी शौकिनांनी हा खडा 'अॅलम ब्लॉक' म्हणून सुंदर डबीत घालून विकायला घेतला आहे. आपल्याकडे तो किराणा दुकानात कागदाच्या पुडीत मिळतो.

तीन फेऱ्या, दहा मिनिटं

पहिली केसांच्या दिशेने, दुसरी आडवी, तिसरी उलटी. प्रत्येक फेरीआधी नवा फेस. कोन साधारण तीस अंशांचा, दांडा गालापासून थोडा लांब. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला आठवडा एकच फेरी करावी आणि उलटी फेरी तर महिनाभर करूच नये. मानेवरचे केस प्रत्येकाचे वेगळ्या दिशेने वाढतात. एकदा बोटाने चाचपून दिशा ओळखून ठेवा, जन्मभर उपयोगी पडेल.

वापरलेलं पातं उघडं कचऱ्यात टाकू नका. ते कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागतं. पत्र्याच्या डबीला वर फट पाडून त्यात साठवा, डबी भरायला वर्षं लागतात. अमेरिकेत जुन्या घरांच्या न्हाणीघरात भिंतीलाच अशी फट असायची आणि पाती भिंतीच्या पोकळीत पडायची. आजही घरं पाडताना गंजलेल्या पात्यांचे ढीग निघतात. आपल्या घरी पातं असं वाया जातच नव्हतं. आई त्याने शिवण उसवायची, आम्ही अर्धं तोडून पेन्सिलीला टोक करायचो.

आणि आता आपल्या वर्कशॉपवाल्यांना

परवा पार्सलची बातमी कळली, मशीनिंग झालं, पॉलिश बाकी. टर्नरने मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, प्लेटच्या कडेकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "यातलं आपल्याला न जमण्यासारखं काय आहे?"

मी विचार करतोय. नीरेपासून खंबाटकीपर्यंत, पुढे सातारा, कराड, सांगलीपर्यंत सीएनसी लावून बसलेली शेकडो माणसं आहेत. गाड्यांच्या भागांमध्ये रोज दहा-वीस मायक्रॉन सांभाळतात. पितळेची कांब मिळते, ब्लेड गल्लीत मिळतं, माप काय ते वर सांगितलंय. शिरवळच्या मातीत कातलेला, बुडाशी गावाचं नाव कोरलेला एक रेझर कुणीतरी काढावा. आमची चार नावं आजच लिहून घ्या, पैसे आगाऊ देतो, थांबायचीही तयारी आहे. पहिल्या खेपेला ५१ नग पुरेत. जिलेटचेही पहिल्या वर्षी तेवढेच गेले होते.